बयाजी गुळव्याचा पंजा

नदीच्या काळ्या गाळात ऊस दोन पुरुष उंच वाढावा आणि थंडी पडली की चार कोसांवर गुळाचा वास सुटावा, असं उंबरकाठी नावाचं एक गाव होतं. त्या गावात बयाजी नावाचा गुळव्या राहत होता.

गुळव्या म्हणजे गूळ विकणारा नव्हे, आणि ऊस पिकवणाराही नव्हे. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, त्याचा पाक होतो आणि एका क्षणी तो पाक गूळ व्हायला तयार होतो. तो क्षण जो ओळखतो, तो गुळव्या. काहील थोडी आधी उतरवली तर गूळ बसत नाही, ढेप चिखलासारखी पसरते. थोडा उशीर झाला तर पाक करपतो आणि गूळ कडवट होतो. मग वर्षभराची मेहनत बैलांपुढं टाकायची.

बयाजी हा क्षण कानानं ओळखायचा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि शेजारच्या काळ्या दगडावर मारायची. गोळी कच्ची असली की ‘पच्’ वाजे. तयार झाली की ‘टण्’. आवाज अगदी बारीक. म्हणून बयाजीनं हात वर केला की सारं गुऱ्हाळ गप्प व्हायचं. ऊस पिळणाऱ्या चरकाचे बैल थांबवायचे, आया पोरांच्या तोंडावर हात ठेवायच्या. गोळी दगडावर पडायची आणि बयाजी एकच शब्द बोलायचा, “उतरवा!” त्या शब्दावर कुणी काही विचारायचं नाही, ही गावाची रीत होती. चार गडी काहील उचलून पाक वाफ्यात, म्हणजे तो गार करायच्या उथळ हौदात, ओतायचे.

गूळ साच्यात भरला की ओल्या ढेपेवर बयाजी आपला उजवा पंजा उमटवायचा. तो रुंद पंजा दिसला की बाजारात कुणी ढेप फोडून चाखायला मागत नसे. संक्रांतीच्या आधी राजाची गाडी गावात यायची आणि बयाजीच्या पंजाच्या अकरा ढेपा राजाच्या मुदपाकखान्यात जायच्या. त्या दिवशी उंबरकाठीच्या माणसांच्या माना इतक्या ताठ व्हायच्या की मुंडाशी सावरताना पंचाईत व्हावी.

असं पन्नास वर्षं चाललं होतं. ज्याचा शब्द पन्नास वर्षं कुणी मोडला नाही, तो माणूस जरा खाष्ट होतोच. बयाजीही झाला होता. त्याचा सगळ्यात जास्त राग निघायचा तो गेणूवर. गेणू हा जाळव्या. काहिलीखाली चुलाण असतं, त्याच्या तोंडाशी खड्ड्यात बसून तो चिपाडं घालून जाळ सांभाळायचा. वीस वर्षं तो त्या खड्ड्यात होता. अंगभर काजळी, डोळे लाल, हातावर जुने चटके. वरून बयाजी ओरडायचा, “जाळ वाढव!”, “जाळ वढ!”, आणि गेणू खालून म्हणायचा, “व्हय तात्या.” याच्यापलीकडं दोघांचं बोलणं नव्हतं. बयाजीनं त्याला कधी चांगलं म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बयाजीला सत्तरावं लागलं, त्या हंगामात एक दिवस त्यानं नेहमीसारखी गोळी वळली. हात वर केला. सारे गप्प झाले. गोळी दगडावर मारली, आणि काहीच वाजलं नाही.

पच् नाही, टण् नाही. त्यानं दुसरी गोळी मारली. तीही गप्प. बयाजीनं मान वर केली. चार गडी दांडा धरून त्याच्या तोंडाकडं बघत होते. गोळी वाजली होती, हे त्या गड्यांच्या तोंडावर दिसत होतं. वाजली नव्हती ती फक्त त्याच्या कानात.

“उतरवा!” तो अंदाजानं ओरडला.

गूळ चांगला झाला. दुसऱ्या दिवशीही झाला, तिसऱ्या दिवशीही झाला. बयाजी आता पाकाचा रंग बघायचा, बुडबुडे बघायचा आणि शब्द टाकायचा. आपली फजिती कुणाला कळली नाही, असं त्याला वाटलं. उलट मनात म्हणाला, बघा, कानावाचून सुद्धा मी गुळव्याच आहे! आणि त्या दिवसांत तो नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलू लागला, नेहमीपेक्षा जास्त ओरडू लागला.

पण उशीर होऊन पाक करपेल, ही भीती त्याच्या मानगुटीवर बसली होती. त्या भीतीनं तो शब्द थोडा आधी टाकू लागला. मग आणखी आधी. आणि एका दिवशी फार आधी टाकला. वाफ्यात ओतलेला पाक सकाळपर्यंत बसलाच नाही. साच्यातून ढेप काढली तर ती जमिनीवर पसरली. पन्नास वर्षांत बयाजीच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

गाव गोळा झालं. सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि त्याला दुसरं काही सुचलं नाही.

“गेण्या!” तो गरजला. “जाळ कमी दिलास! झोपला हुतास काय खड्ड्यात?”

गेणू खड्ड्यातून वर आला. त्यानं बयाजीकडं बघितलं. मग हातातली चिपाडं खाली ठेवली.

उंबरकाठीच्या गुऱ्हाळाची आणखी एक रीत होती. ज्याच्या हातून रस बिघडला, त्यानं त्या दिवशी गुऱ्हाळाकडं पाठ करून शेताच्या बांधावर बसायचं. दिवस मावळेपर्यंत मागं वळून बघायचं नाही. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. नुसतं पाठमोरं बसायचं. पण त्याच्यापेक्षा चार फटके बरे, असं बसलेली माणसं सांगत. गेणू गेला आणि बांधावर पाठ करून बसला. त्याची काजळीनं काळी झालेली पाठ दिवसभर बयाजीच्या डोळ्यांसमोर होती.

संध्याकाळी बयाजी घरी आला तो जेवायला बसेना. त्याची बायको सगुणा भाकरी थापत होती.

“कान गेलं न्हवं तुमचं?” ती मोठ्यानं म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“सांगाय कशाला पायजे? गेल्या दिवाळीपासनं मी तुमास्नी हळू आवाजात शिव्या देतीया. एकीचंबी उत्तर आलं न्हाई.”

बयाजीला हसू आलं नाही. “मी मरंस्तवर गुळव्याच हाय,” तो म्हणाला. “कान गेलं तर जाऊं देत.”

“दौलूतात्याबी असंच म्हणत हुतं,” सगुणा म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

दौलूतात्या म्हणजे बयाजीच्या आधीचा गुळव्या, त्याचा गुरू. म्हातारपणी त्याच्या हाताला कंप सुटला, पण त्यानं गोळी वळायचं सोडलं नाही. शेवटी एक दिवस भर गुऱ्हाळात तरण्या बयाजीनं त्याच्या हातातून पाण्याचं भांडं हिसकावून घेतलं होतं. त्यानंतर दौलूतात्या तीन वर्षं जगला. पण तीन वर्षं दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं कण्हत राहिला, की माझं सगळं लुटलं. बयाजी मग जेवला नाही तो नाहीच.

सकाळी तो पाटलांच्या घरी गेला. पाटील सदरेवर बसले होते. बयाजीनं मुंडासं काढून हातात घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. मला ऐकू येत नाही. परवाचा रस मी बिघडवला, गेणूनं नाही.

पाटलांनी त्याला जवळ बसवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“बयाजीबा, आमास्नी काय ठावं न्हाई व्हय? महिना झाला, समद्या गावाला ठावं हाय.”

बयाजीनं दुसरा कान पुढं केला.

“तुमची घाई व्हाय लागली की गेणू खालनं जाळ वाढवतुया, उशीर झाला की जाळ वढून घेतुया,” पाटील म्हणाले. “काहिलीचा आवाज त्याला खालनं कळतो म्हणं. त्यो जाळ वढतो आन् तुमचा शब्द येईस्तवर पाक थोपवून धरतो. परवा तुमी फारच लौकर बोलला. लौकर बोलल्यावर खालनं काय करणार त्यो?”

म्हणजे महिनाभराचा गूळ गेणूचा होता. आणि बिघडलेला एक दिवस तेवढा बयाजीचा! बयाजीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“मग आता?” त्यानं विचारलं.

“आता काय? हाय तसं चालू ऱ्हाऊ द्या,” पाटील हसले. “तुमी निस्तं बसायचं. गादी टाकतो, लोड लावतो, डोक्याला फेटा बांधतो. गेणूनं खालनं खूण केली की तुमी ‘उतरवा’ म्हणायचं. आन् ढेपंवर पंजा उमटवायचा. राजाला पंजा पायजे. कान कोण बघतंय?”

खरं सांगायचं तर बयाजीला त्या क्षणी फार बरं वाटलं. तो लाज गिळून आला होता आणि त्याला फेटा मिळत होता. काही सोडायचं नाही, कुणापुढं खाली मान घालायची नाही, मरेपर्यंत मान. म्हातारपणी यापेक्षा जास्त कुणाला काय मिळतं? तो ‘बरं’ म्हणाला. गेणूचं काय, हे त्यानं विचारलं नाही आणि पाटलांनीही काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बयाजी गादीवर बसू लागला. लोकं येऊन पाया पडत. खड्ड्यातून गेणू चिपाडाची काडी वर करी, बयाजी हात वर करी, सगळे गप्प होत, आणि बयाजी म्हणे, “उतरवा!” गूळ असा बसे की बघत राहावं.

पहिल्या दिवशी त्याला मजा वाटली. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी त्यानं ओल्या ढेपेवर पंजा ठेवला आणि उचलला, तेव्हा स्वतःचीच पाच बोटं बघून त्याला शिसारी आली. जत्रेत लाकडी बाहुल्या असतात, दोरी ओढली की हात वर करतात. तशी आपली गत झाली आहे, असं त्याला वाटलं. दौलूतात्याला मी लुटलं होतं म्हणतात. पण दौलूतात्यानं दुसऱ्याच्या गुळावर कधी हात ठेवला नव्हता. मी तर ठेवतोय. आणि वर तक्क्याला टेकून बसलोय.

म्हातारं झालं की माणसानं एकतर कण्हावं, नाहीतर देवळातल्या मूर्तीसारखं गप्प बसून हार घालून घ्यावेत, अशी जगाची सोय असते. बयाजीला दोन्ही नको होतं. त्या दिवशी घरी येऊन तो पोटभर जेवला. सगुणानं दोनदा विचारलं, काय ठरवलंत? त्यानं आणखी एक भाकरी मागितली. तिनं ओळखलं, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आलंय.

संक्रांत चार दिवसांवर आली. राजाच्या कोठारावरचा कारभारी गाडी घेऊन उंबरकाठीला आला. गुऱ्हाळावर मांडव घातला होता. गादीवर नवी चादर होती. राजाच्या अकरा ढेपांचा रस काहिलीत उकळत होता. सगळं गाव अंगावर ठेवणीतले कपडे घालून जमलं होतं. कारभारी पाटलांच्या शेजारी बसला. बयाजी फेटा बांधून गादीवर बसला.

पाक दाट होत आला. खड्ड्यात गेणूनं खुणेची काडी हातात घेतली.

तेवढ्यात बयाजी गादीवरून उठला. त्यानं फेटा काढला आणि गादीवर ठेवला. चुलाणाच्या तोंडाशी गेला आणि खाली वाकून म्हणाला, “गेणू, वर ये.”

गेणूला काही कळेना. “तात्या, जाळ—”

“जाळ दुसरा कोनबी बघंल. तू वर ये. गोळी वळ.”

पाटील ताडकन उठले. कारभाऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

“हा काय प्रकार आहे?” कारभारी म्हणाला. “महाराजांना बयाजीचा गूळ हवा आहे.”

बयाजीला ते ऐकू आलं नाही, पण काय म्हणत असेल ते कळलं. तो सगळ्यांच्या मधोमध उभा राहिला. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. त्याचा तर आधीच मोठा होता.

“ऐका समदी!” तो म्हणाला. “माझं कान गेल्यात. महिना झाला, गूळ ह्यो गेणू करतोय आन् पंजा मी उमटवतोय. रस बिघडला त्यो मी बिघडवला, आन् बांधावर ह्याला बसवला. आजपासनं ह्या काहिलीचा गुळव्या गेणू. ढेपंवर पंजा बी त्याचाच.”

“बयाजीबा, खाली बसा!” पाटील त्याच्या कानाशी येऊन ओरडले. “गावाची अब्रू घालवता काय?”

“अब्रू हाय म्हणून तर उठलो.”

आता कारभारीही उठून जवळ आला. त्यानं गेणूकडं बघितलं. काजळीनं माखलेले हात, अर्धवट जळालेलं धोतर. त्यानं नाक मुरडलं आणि बयाजीच्या कानात मोठ्यानं म्हणाला, “हा काजळीचा हात महाराजांच्या ताटात?”

“ताटात काजळी आली तर धुता येती,” बयाजी म्हणाला. “खोटं आलं तर न्हाई धुता येत.”

“महाराजांची अवज्ञा होईल ही. दरबारात उभं करतील तुला.”

“करू देत की. दोन पाय अजून धड हाईत. उभा ऱ्हाईन आन् हेच सांगीन. राजानं पन्नास वर्सं माझा गूळ खाल्ला, माझ्यावर इस्वास ठिवला. त्येचं लई उपकार हाईत. म्हणूनच सांगतोय, माझा पंजा आता मिळायचा न्हाई.”

कुणीतरी मागून म्हणालं, अहो, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. बयाजीला ते ऐकू आलं नाही, हे बरंच झालं. तो गेणूकडं वळला. गेणू खड्ड्याच्या काठावर उभा होता. बयाजीनं पाण्याचं भांडं उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरलं.

“वीस वर्सं तुला वरडलो,” तो म्हणाला. तेवढं मात्र तो हळू बोलला. “चुकलो. धर.”

गेणूनं भांडं घेतलं.

मग बयाजी मांडवाबाहेर पडला. सगळ्या गावादेखत चालत बांधावर गेला आणि गुऱ्हाळाकडं पाठ करून बसला. बिघडलेला एक दिवस त्याच्या नावावर होता, तो त्याला फेडायचा होता.

बांधावर बसल्यावर बयाजीच्या लक्षात आलं, की आता आपल्याला काही दिसत नाही आणि काही ऐकूही येत नाही. मागं पाकाचं काय चाललंय? गेणूनं गोळी वळली का? शब्द टाकला का? लौकर टाकला, की उशिरा? पन्नास वर्षांत काहिलीवर रस असताना तो कधी पाठ फिरवून बसला नव्हता. एकदाच वळून बघावं. एकदाच! कोण बघतंय?

त्यानं मांडीवरच्या मुठी घट्ट आवळल्या आणि समोरच्या उसाकडं बघत राहिला.

हळूहळू त्याच्या मुठी सैल झाल्या. ऊस वाऱ्यावर हलत होता. त्याची सळसळ त्याला ऐकू येत नव्हती, पण कशी असते ते चांगलं आठवत होतं. केवढं ऐकलं आपण! पहिल्यांदा ‘टण्’ ऐकलं तेव्हा आपण पंधरा वर्षांचे होतो आणि आनंदानं दौलूतात्याला मिठी मारली होती. दौलूतात्यानं पाठीत धपाटा घातला आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले होते. तो म्हातारा वाईट नव्हता. त्यानं सगळं शिकवलं, आणि आपण त्याला साधं ‘तुमचे उपकार आहेत’ म्हटलं नाही. हातातलं ओढून घेतलं. “तात्या, तुमचं उपकार हाईत,” बयाजी आता उसाकडं बघत म्हणाला. उशीर झाला होता, तरी म्हणाला. मग त्याला आपल्या कानांची आठवण झाली. महिनाभर तो कानांना दूषणं देत होता. त्यानं दोन्ही हातांनी कानांच्या पाळ्या धरल्या आणि म्हणाला, “पन्नास वर्सं चोख राबलात. बसा आता. मी काय तुमच्यावर रागावलो न्हाई.”

त्याला रडू आलं. पण ते दुःखाचं नव्हतं. हातातलं गेलं म्हणून तो रडत नव्हता. इतकं सगळं हातात आलं होतं, म्हणून रडत होता.

बऱ्याच वेळानं पाटील तरातरा बांधावर आले आणि त्याच्यासमोर उभे राहून हातवारे करू लागले. राजाची गाडी रिकामी गेली होती. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. कारभारी म्हणाला होता, जाळव्याच्या पंजाचा गूळ मी नेणार नाही. पाटील लालेलाल झाले होते. तोंड सारखं हलत होतं.

बयाजीनं त्यांचं सगळं बोलणं होईपर्यंत शांतपणे बघितलं. मग म्हणाला, “पाटील, देवानं कान येळेवर न्हेलं बघा. ह्यातलं एक अक्षर कळलं न्हाई.”

पाटील आणखी काही बोलणार होते. पण म्हातारा त्यांच्याकडं इतक्या स्वच्छ नजरेनं बघत होता, की त्यांचं तोंड आपोआप मिटलं. मग ते मागं फिरून गेले.

अकरा ढेपा गावातच राहिल्या. राजासाठी केलेला गूळ उंबरकाठीनं आजवर नुसता गाडीत चढवला होता, कधी चाखला नव्हता. आता त्याचं काय करायचं? कुणीतरी एक ढेप फोडली. कुणीतरी खडा तोंडात टाकला. मग पोरं धावली, बायका धावल्या, कुणी घरातून तीळ आणले. त्या वर्षी राजाच्या वाट्याच्या गुळावर उंबरकाठीच्या पोरांनी ताव मारला, आणि हे वाईट झालं असं म्हणणारं एकही पोर गावात सापडलं नसतं.

दिवस कलला. गेणू बांधावर आला. त्याच्या हातात उसाच्या पाल्यावर गुळाचा मोठा खडा होता. तो बयाजीच्या समोर आला आणि खाली बसला. उजव्या हाताची बोटं अजून गुळानं चिकट होती.

“तात्या,” तो मोठ्यानं म्हणाला, “चाखा. कसा झालाय सांगा.”

बयाजीनं खडा तोंडात टाकला. गूळ चांगला होता. थोडा लालसर होता. आपण असतो तर एक श्वास आधी उतरवला असता. हे वाक्य बयाजीच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं. पन्नास वर्षांची सवय होती. गेणू त्याच्या तोंडाकडं बघत होता.

बयाजीनं ते वाक्य गुळाबरोबर गिळून टाकलं.

“कसा झालाय, तात्या?” गेणूनं पुन्हा विचारलं.

“मला काय इचारतोस?” बयाजी म्हणाला. “गुळव्या तू हाईस. मी आता खाणारा. जा, आनखी घिऊन ये!”

तात्पर्य: म्हातारपणी कण्हत बसू नये आणि दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव मिरवत बसू नये, जे मिळालं त्याचे उपकार मानावेत, आणि जे सोडायचं ते कुणी हिसकावण्याआधी, ताठ मानेनं, आपल्याच हातानं पुढच्याच्या हाती द्यावं.